चर उघडा आहे तोवर

भोर आणि वेल्हे, म्हणजे आताचा राजगड, या तालुक्यांत वीज बहुतेक ठिकाणी खांबांवरूनच जाते. जमिनीखाली गेलेली वाहिनी तुकड्यातुकड्यांनी भेटते. भोर शहराच्या दाटीत, शिंदेवाडी-वेळूपासून सारोळ्यापर्यंत पुणे-बंगळूर महामार्गालगत उभ्या राहिलेल्या कारखान्यांच्या आणि गोदामांच्या आवारांत, पानशेत-वरसगावच्या पाण्याकडे तोंड करून पाडलेल्या प्लॉटांत आणि शेतकऱ्याच्या मीटरपेटीपासून नदीकाठच्या मोटरीपर्यंत ती असते. शहरात खणणारा माणूस खाली केबल असणारच असे धरून चालतो. इथे तसे कोणी धरत नाही. डोक्यावर तारा दिसतात म्हणजे वीज वरच आहे असा समज असतो, आणि पुरलेल्या थोड्याशा केबल जास्त घातक ठरतात त्या या समजामुळेच.

खणण्याचे प्रमाण मात्र वाढले आहे. २०१९ मध्ये जलजीवन मिशन सुरू झाल्यापासून नळाच्या पाइपांसाठी गावोगाव चर निघाले. फायबरची केबल आली, रस्ते रुंद झाले, डोंगरउतारावर प्लॉट सपाट करायला जेसीबी पोचला. पूर्वी टिकाव-फावड्याने दोन दिवस चालणारे काम आता तासाभरात उरकते. टिकावाच्या माणसाला वाळू किंवा वीट लागली की तो थबकायचा. बादलीला ते कळत नाही.

चरात उतरणारी केबल कशी असते ते आधी पाहिलेले बरे. तिचा तुकडा आडवा कापला तर मधोमध ॲल्युमिनियमचे तीन गाभे दिसतात. प्रत्येकाभोवती जाड प्लास्टिकसारखे विद्युतरोधक आवरण असते. तिन्ही गाभे एकमेकांभोवती सैल पीळ देऊन बसवलेले असतात, त्यांच्यावर पोलादी तारांचे किंवा पट्ट्यांचे चिलखत आणि सर्वांत वर काळे किंवा लाल आवरण. हे चिलखत दगडाचा दाब सोसते, उंदीर-घुशीला दाद देत नाही, पण जेसीबीच्या दाताला ते पुरे पडत नाही. कमी दाबाच्या, म्हणजे घरगुती आणि शेतीपंपाच्या केबलमध्ये सहसा चार गाभे असतात, चौथा न्यूट्रलचा.

ही केबल किती खोल पुरायची हे भारतीय मानक ब्यूरोच्या आयएस १२५५ या संहितेत सांगितले आहे. कमी दाबाची केबल किमान ७५ सेंटिमीटर, ११ हजार व्होल्टपर्यंतची ९० सेंटिमीटर, २२ आणि ३३ हजार व्होल्टची १०५ सेंटिमीटर खोल. रस्ता ओलांडताना एक मीटर. पाण्याच्या पाइपापासून ३० सेंटिमीटर अंतर. खाली वाळूची गादी, वर पुन्हा वाळू, तिच्यावर विटा किंवा फरश्या, माती भरताना धोक्याची सूचना छापलेली प्लास्टिकची पट्टी, आणि जमिनीवर वळणाच्या व जोडाच्या ठिकाणी खुणेचे दगड. हे सगळे केले असेल तर खणणाऱ्याला केबलच्या आधी तीन वेळा इशारा मिळतो.

मावळखोऱ्यातली जमीन मात्र या मापांना सहज राजी होत नाही. दख्खनच्या काळ्या पाषाणावर इथे कुठे चार हात माती आहे, तर कुठे वीतभर. उतारावर चर काढताना मुरूम संपून खडक लागला की ब्रेकर आणावा लागतो आणि खर्च वाढतो. मग केबल तिथे वर येते. नीट काम केले असेल तर पाइपात घालून काँक्रीटखाली, नाहीतर नुसती. खडक सरला की ती पुन्हा खाली जाते. शिवाय पुरताना जी खोली होती ती दहा पावसाळ्यांनंतर तीच राहत नाही. उतारावरची माती वाहून जाते आणि पायथ्याला साठते. भातखाचर सपाट करताना बांध सरकतो. रस्ता रुंद करताना कडेची दरड कापली जाते आणि मीटरभर खोल असलेली केबल हातभर खोलीवर येते. महामार्गाखालून आडवे छिद्र पाडून केबल ओढली असेल तर उलटेच घडते: यंत्राची नळी अडथळे चुकवत खाली जाते आणि केबल संहितेतल्या खोलीच्या कितीतरी खाली सापडते. म्हणून संहितेतली खोली ही केबल टाकणाऱ्यासाठी आहे, ती खणणाऱ्याने गृहीत धरायची नसते.

शोधाची सुरुवात डोळ्यांनी होते, आणि हा टप्पा जितका निवांतपणे केला तितका पुढचा खर्च वाचतो. खांबाला चिकटून जमिनीत उतरणारा लोखंडी पाइप ही सर्वांत बोलकी खूण. वरून आलेली वाहिनी तिथे जमिनीखाली जाते आणि दुसरीकडे कुठेतरी तशाच पाइपातून वर येते. मधला मार्ग शोधायचा असतो. मीटरपेटी आहे, पण खांबावरून तिच्याकडे येणारी तार दिसत नाही, तर वीज खालूनच येत असणार. चर बुजवलेल्या पट्ट्यात गवत वेगळे उगवते, मुरमाचा रंग वेगळा दिसतो, डांबरावर लांबट ठिगळ असते. डीपीजवळच्या माणसांना विचारले तर निम्मा नकाशा तोंडीच मिळतो. केबल टाकताना चरावर मजुरी केलेला कोणीतरी गावात असतो, आणि विहिरीच्या मालकाला आपली केबल कोणत्या बांधावरून नेली ते पक्के ठाऊक असते.

धरणांच्या फुगवट्याकाठी या तोंडी माहितीलाही मर्यादा आहे. भाटघरचे पाणी उन्हाळ्यात मागे हटत जाते तशी मोटर खाली सरकवावी लागते आणि केबलला जोड देत देत ती लांबवली जाते. उघडी पडू नये म्हणून नांगराच्या तासाएवढ्या खोलीवर ती झाकतात. पाणी चढले की मोटर वर येते, पण एखादा तुकडा मातीत तसाच राहतो. यातल्या कोणत्याही केबलची नोंद कोणत्याही कार्यालयात नसते.

डोळ्यांनंतर यंत्र. केबल लोकेटर हे यंत्र विजेच्या एका साध्या गुणधर्मावर चालते: तारेतून प्रवाह वाहिला की तिच्याभोवती चुंबकीय क्षेत्र तयार होते आणि अंतर वाढेल तसे ते क्षीण होते. हातात धरायच्या रिसीव्हरमध्ये तारेची वेटोळी असतात. भारतातल्या वीजपुरवठ्याची सेकंदाला ५० आवर्तने होतात, त्या ५० हर्ट्झच्या कंपनाचा कानोसा रिसीव्हर घेतो. तंत्रज्ञ तो उभा धरून जमिनीलगत नेतो, आधी शेताच्या लांबीने आणि मग रुंदीने. वेटोळे आडवे असेल तर केबलच्या बरोबर वर आवाज सर्वांत मोठा होतो. उभे असेल तर तिथेच तो मावळतो. दोन्ही पद्धतींनी एकच जागा मिळाली तर विश्वास ठेवावा. त्या दोन जागांत वीतभराचा फरक पडत असेल तर शेजारी आणखी काही पुरलेले आहे आणि ते क्षेत्र वाकवते आहे, असे समजायचे.

या पद्धतीची एक उणीव जीवघेणी आहे. तिन्ही फेजचे प्रवाह एकाच केबलमध्ये, एकमेकांभोवती पिळलेले असतात आणि कोणत्याही क्षणी त्यांची बेरीज शून्याच्या जवळ असते. एकाचे क्षेत्र दुसरा पुसतो. बाहेर उरते ते थोडेसेच. भरपूर वीज वाहणारी, उत्तम अवस्थेतली केबल रिसीव्हरला जवळजवळ ऐकू येत नाही, आणि जिच्यातून वीज जमिनीत झिरपते आहे अशी खराब केबल खणखणीत ऐकू येते. बंद मोटरीच्या केबलमध्ये दाब असतो, पण प्रवाह नसतो, तीही गप्प. सौर कृषिपंप आल्यापासून यात भर पडली आहे. पॅनेलपासून नियंत्रकापर्यंतची वीज एकदिश असते, तिच्यात ५० हर्ट्झचे कंपनच नाही. यंत्र गप्प राहिले म्हणून जमीन मोकळी आहे असा निष्कर्ष काढणे ही या कामातली सर्वांत मोठी चूक होय.

म्हणून केबलमध्ये आपला स्वतःचा संदेश सोडतात. ट्रान्समीटर नावाची छोटी पेटी ठरावीक वारंवारतेचा प्रवाह केबलमध्ये घालते आणि रिसीव्हर तेवढाच शोधतो. सर्वांत खात्रीची रीत म्हणजे वाहिनी बंद करून घेऊन, ती खरोखर बंद असल्याचे तपासून, थेट जोडणी करणे. ट्रान्समीटरची एक तार केबलला, दुसरी जमिनीत ठोकलेल्या सळईला आणि केबलचे पलीकडचे टोक अर्थिंगला. प्रवाह केबलमधून जातो आणि मातीतून परततो. एप्रिल-मे महिन्यांत नसरापूरच्या बाजूच्या कोरड्या मुरमात ही सळई नुसती ठोकून भागत नाही; मातीतून प्रवाह परतच येत नाही आणि रिसीव्हरवर आकडा हलत नाही. तेव्हा सळईच्या बुडाशी बाटलीभर पाणी ओततात. पाणी मुरले की मिनिटाभरात संदेश खणखणीत होतो.

वाहिनी बंद करता येत नसेल तर केबलभोवती चिमट्यासारखी कडी अडकवून संदेश चढवता येतो. पण हे काम वीज कंपनीच्या अधिकृत माणसाचे, ठेकेदाराच्या मजुराचे नव्हे. तिसरी रीत म्हणजे ट्रान्समीटर केबलच्या वर जमिनीवर ठेवून नुसत्या प्रेरणाने संदेश उतरवणे. सोपी आहे, पण शेजारचा लोखंडी पाइपही तोच संदेश उचलतो. वारंवारतेची निवड अनुभवाने येते. ८ किलोहर्ट्झचा संदेश लांब जातो आणि आपल्या केबलला धरून राहतो. ६५ किलोहर्ट्झचा वाईट जोडातूनही पार होतो, पण लवकर विरतो आणि शेजाऱ्यावर उडी मारतो. कामाची सुरुवात म्हणून बरेच जण ३३ किलोहर्ट्झ घेतात.

खोली मोजण्याची जुनी युक्ती शाळेतल्या भूमितीची आहे. केबलची रेषा जमिनीवर आखल्यावर रिसीव्हर ४५ अंशांत तिरका धरून रेषेला काटकोनात बाजूला चालत जायचे. ज्या जागी आवाज मावळतो ती जागा रेषेपासून जितकी दूर तितकी केबल खोल. आजची यंत्रे दोन वेटोळ्यांतला फरक मोजून खोलीचा आकडा स्वतःच दाखवतात, पण वळणावर, जोडावर किंवा दोन केबल शेजारी असताना तो आकडा फसवा असतो. तिरक्या चालीने दोन्ही बाजूंना सारखेच अंतर आले तर आकडा खरा धरावा.

प्लास्टिकचे पाइप आणि फायबरच्या रिकाम्या नळ्या लोकेटरला सापडत नाहीत. तिथे जमिनीत रेडिओलहरी सोडणारे रडार, म्हणजे जीपीआर, लागते. हातगाडीसारखे ढकलत नेले की पडद्यावर जमिनीचा उभा छेद उमटतो आणि पुरलेली नळी कमानीसारखी दिसते. लहर खाली जाऊन परत यायला किती वेळ लागला त्यावरून खोली काढतात, आणि इथेच पावसाचा संबंध येतो. कोरड्या मुरमात लहर एका नॅनोसेकंदात साधारण १० सेंटिमीटर जाते, भिजलेल्या मातीत ६ सेंटिमीटरच्या आसपास. जाऊन-येऊन २० नॅनोसेकंद लागले असतील तर पहिल्या हिशेबाने वस्तू एक मीटर खोल आणि दुसऱ्या हिशेबाने फक्त ६० सेंटिमीटर. वेल्ह्याच्या घाटाकडच्या बाजूला जुलैत चिखल झालेल्या भातखाचरात तर लहर फार खाली पोचतच नाही. चिकणमाती ती गिळून टाकते. दुसरी अडचण गोट्यांची. इथला बेसॉल्ट कांद्याच्या पापुद्र्यांसारखा सुटत झिजतो आणि मुरमात गोल गोटे उरतात. रडारवर प्रत्येक गोटा नळीसारखीच कमान काढतो. शेजारच्या तीन-चार रेघांत तीच कमान त्याच ओळीत आली तरच ती नळी, नाहीतर दगड. ही तपासणी पावसाळ्याआधी उरकावी, एवढे पथ्य पाळले तरी रडारचा खर्च सार्थकी लागतो.

यंत्रांनी सांगितलेले शेवटी हाताने खणूनच पक्के होते. रेषेवर चुन्याची फक्की मारून खुंट्या रोवतात आणि ठरावीक अंतरावर चाचणीखड्डे घेतात. खड्डा केबलच्या डोक्यावर घेत नाहीत. हात-दीड हात बाजूला घेऊन मग आडवे खणत केबलकडे जातात. पहारीचे टोक वरून मारले तर चिलखत भेदून गाभ्यापर्यंत जाते, बाजूने आलेले फावडे आवरणावर घसरते. केबल दिसल्यावर ती जिवंतच आहे असे मानून काम करतात, मग कागदावर काहीही लिहिलेले असो.

सापडलेली केबल नकाशावर नोंदवली नाही तर पुढच्या वर्षी हेच सगळे पुन्हा करावे लागते. नोंदीत पहिली अडचण अचूकतेची. मोबाइलमधले जीपीएस मोकळ्या माळावरही तीन ते पाच मीटर इकडेतिकडे असते, आणि तोरण्याच्या पायथ्याला किंवा अरुंद खोऱ्यात, जिथे निम्मे आकाश डोंगराने अडवलेले असते, तिथे त्याहून वाईट. केबलचा चर अर्धा-पाऊण मीटर रुंद असतो. पाच मीटरची चूक म्हणजे केबल रस्त्याच्या दुसऱ्या कडेला. सर्वेक्षणाची उपग्रह-यंत्रे एका स्थिर केंद्राकडून दुरुस्ती घेऊन ही चूक काही सेंटिमीटरवर आणतात. भारतीय सर्वेक्षण विभागाने अशा स्थिर केंद्रांचे जाळे महाराष्ट्रात उभारले आहे, पण त्यांची दुरुस्ती इंटरनेटवरून येते आणि आतल्या गावांत रेंज नसते. तिथे सर्वेक्षकाला आपले स्थिर यंत्र सोबत न्यावे लागते. तेही नसेल तर जुनी टेपची पद्धत अजूनही निर्दोष आहे. पुलाचा कठडा, शाळेचा कोपरा, डीपीचा क्रमांक असलेला खांब अशा हलणार नाहीत अशा दोन खुणांपासून अंतर मोजून लिहायचे. झाड, कुंपण किंवा रस्त्याची कड ही खूण म्हणून घ्यायची नाही. पाच वर्षांनी ती जागेवर नसते.

नकाशात रेषेइतकेच महत्त्व तिच्यामागच्या माहितीला आहे: दाब किती, गाभे किती, कोणत्या वर्षी टाकली, जोड कुठे, पाइपात आहे की नुसती, आणि मुख्य म्हणजे ही माहिती कशी मिळाली. ब्रिटनमधील पास १२८ या प्रमाणात, तसेच अमेरिकेतील स्थापत्य अभियंत्यांच्या संस्थेच्या प्रमाणात, प्रत्येक रेषेला अ ते ड अशी प्रत दिली जाते. सर्वांत खालची प्रत म्हणजे जुन्या कागदावरून उतरवलेली, सर्वांत वरची म्हणजे खड्डा घेऊन डोळ्यांनी पाहिलेली. ही पद्धत इथे उचलण्यासारखी आहे, कारण ठळक शाईने काढलेली अंदाजी रेषा कोऱ्या कागदापेक्षा जास्त नुकसान करते. पायाला धरायचा नकाशाही आता बऱ्याच गावांना मिळतो आहे. शेजारच्या पुरंदर तालुक्यात सोनोरीला गावठाणाच्या ड्रोन-मोजणीचा सुरुवातीचा प्रयोग झाला आणि पुढे स्वामित्व योजनेतून गावठाणांचे तपशीलवार नकाशे होऊ लागले. त्यावर केबलची रेषा चढवता येते.

खणणारा आणि केबलवाला यांची गाठ घालून देण्याची सोय देशात २२ मार्च २०२३ पासून आहे. ‘कॉल बिफोर यू डिग’ या सरकारी अॅपवर खोदकामाची जागा आणि तारीख टाकली की तिथे ज्यांच्या वाहिन्या आहेत त्या संस्थांना संदेश जातो. अमेरिकेत हेच काम २००७ पासून ८११ या एका दूरध्वनी क्रमांकावर होते. मात्र अॅपला तेवढेच ठाऊक असते जेवढे कोणी नोंदवले आहे. फार्महाउसची किंवा विहिरीची केबल मालकाच्या मालकीची. तिची खबर मालकच देऊ शकतो. म्हणून अॅपवर नोंद करणे, महावितरणच्या शाखा कार्यालयात लेखी कळवणे आणि बांधावरच्या शेतकऱ्याला विचारणे ही तिन्ही कामे करावी लागतात.

एवढे करूनही बादली केबलला लागली, तर पुढची काही मिनिटे महत्त्वाची. पहिला स्फोट होतो, धूर निघतो आणि मग सारे शांत. ही शांतता फसवी असते. भोर-वेल्ह्यातला फीडर बहुतांशी उघड्या तारांचा असतो आणि पावसाळ्यात तो बंद पडतो तो सहसा झाडाची फांदी टेकल्याने. त्यामुळे बंद पडलेली वाहिनी फांदी दूर झाली असेल अशा समजुतीने पुन्हा चालू करून पाहिली जाते. काही ठिकाणी यंत्रणाच ती आपोआप चालू करते. चरात उतरलेल्या माणसाला दुसरा झटका तेव्हा बसतो. म्हणून जेसीबीचालकाने केबिनमध्येच बसून राहायचे, इतरांनी दूर जायचे आणि १९१२ वर किंवा ओळखीच्या जनमित्राला, म्हणजे महावितरणच्या लाइनमनला, फोन करून वाहिनी बंद झाल्याची तोंडी खात्री मिळेपर्यंत कोणी जवळ जायचे नाही. यंत्राने पेट घेतला तरच चालकाने बाहेर पडायचे, तेही यंत्राला आणि जमिनीला एकाच वेळी न शिवता, दोन्ही पाय जोडून उडी मारून, आणि नंतर पाय न फाकवता सरकत. तुटलेल्या केबलभोवतीच्या ओल्या मातीत पावलापावलावर दाब बदलत असतो. दोन पावलांतले अंतर जितके जास्त तितका शरीरातून जाणारा प्रवाह मोठा. बैल-म्हशींच्या पुढच्या-मागच्या पायांत अंतर जास्त असते, त्यामुळे माणूस वाचतो अशा ठिकाणी जनावर दगावते. गुरे आधी हाकलायची ती म्हणूनच, आणि तीही लांबून.

दुरुस्ती करणाऱ्यालाही नकाशाच लागतो. केबलमधला दोष शोधणारे यंत्र एका टोकातून विजेचा सूक्ष्म ठोका सोडते आणि तो दोषावर आपटून परत यायला लागलेल्या वेळावरून अंतर सांगते, समजा ३२० मीटर. पण हे अंतर केबलच्या अंगाने मोजलेले असते. जोडापाशी ठेवलेला वळसा, खडक टाळून घेतलेला फेर, खांबावर चढलेली लांबी, सगळे त्यात आले. मार्ग ठाऊक नसेल तर ३२० मीटर म्हणजे नेमके कोणत्या खाचरात, हे कळत नाही. मग केबलमध्ये जोरदार ठोके सोडून जमिनीला कान लावत दोषाच्या जागेचा धप्प असा आवाज शोधत हिंडावे लागते, आणि तोवर गाव अंधारात असते.

दोष सापडला की खराब भाग कापून नवा जोड बसवतात. या वेळी चर उघडा असतो, केबल डोळ्यांसमोर असते. खोली टेपने मोजता येते, जोडाची जागा दोन पक्क्या खुणांपासून लिहिता येते, फोटोत मोजपट्टी आणि मागचा खांब दोन्ही घेता येतात. दहा मिनिटांचे काम. नवीन केबल टाकतानाही हीच वेळ असते, आणि लोकेटर, रडार, चाचणीखड्डे यांनी पुढे जे महागात शोधावे लागते ते त्या दिवशी फुकट मिळते. ठेकेदाराचे बिल मंजूर करताना उघड्या चराची मोजमापे आणि फोटो मागितले, तर ती नोंद होते. न मागितले तर वाळू, विटा आणि मुरूम पडून जमीन सपाट होते.